वाढ थांबते तिथे साखर

फडातून एक ऊस जमिनीलगत तोडावा आणि बुडख्यापासून शेंड्यापर्यंत चाखत जावं. बुडख्याचं कांडं दाताला कठीण, पण सगळ्यांत गोड. मधली कांडी मऊ, गोडीला जरा कमी. शेंड्याची चार-पाच कांडी पाणचट, किंचित खारट. ती वाढ्यांबरोबर, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पानांबरोबर, जनावरांपुढे जातात. ज्याने ऊस सोलून खाल्ला आहे त्याला हे सांगावं लागत नाही. पण एकाच मुळांवर, एकाच उन्हात वाढलेल्या कांड्यांमध्ये एवढा फरक का? हा प्रश्न धरून चाललं की वनस्पती आपली ऊर्जा कुठे, कशी आणि कशासाठी साठवतात याची बरीच उत्तरं या एका खोडात सापडतात.

सुरुवात पानापासून करावी लागते. सूर्यप्रकाश पानावर पडला की हरितलवकात पहिल्यांदा एटीपी तयार होतं. पेशीतली जवळजवळ सगळी कामं या रेणूवर चालतात, पण तो साठवून ठेवता येत नाही. बनतो आणि काही सेकंदांत खर्च होतो. माणसाच्या शरीरातही एका वेळी एटीपी जेमतेम १०० ग्रॅमच्या आसपास असतं, आणि तेच मोडत-जोडत दिवसभरात आपल्या वजनाइतकं वापरलं जातं. त्यामुळे ऊर्जा तासभर, रात्रभर किंवा वर्षभर ठेवायची असेल तर ती कार्बनच्या बंधांमध्ये बांधावी लागते. साखर, पिष्ट, तेल हे सगळे त्या बांधणीचे प्रकार.

उसाचं पान हे काम भात-गव्हाच्या पानापेक्षा उन्हात पुष्कळ चांगलं करतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) चुकून ऑक्सिजनही पकडतं, आणि तापमान चढलं की ही चूक वाढते. उसाने त्यावर उपाय केला आहे. पानाच्या बाहेरच्या पेशी आधी कार्बन डायऑक्साइड चार कार्बनच्या आम्लात बांधतात, ते आम्ल शिरेभोवतीच्या पेशींत पोचवतात आणि तिथे वायू पुन्हा मोकळा करतात. रुबिस्को तिथे बसलेलं असतं. भोवती कार्बन डायऑक्साइड इतका दाटतो की ऑक्सिजनला संधी मिळत नाही. या मार्गाला जास्तीचं एटीपी लागतं, पण आपल्याकडच्या उन्हात तो खर्च भरून निघतो. मका, ज्वारी, बाजरीही याच वाटेने जातात. हा शोध मुळात उसावरच लागला: होनोलुलूत साखर उत्पादकांच्या संशोधन केंद्रात कॉर्टशाक, हार्ट आणि बर यांना किरणोत्सारी कार्बन पहिल्यांदा चार कार्बनच्या आम्लात दिसला, त्यांचा निबंध १९६५ साली आला, आणि पुढच्याच वर्षी ब्रिस्बेनमध्ये एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हॅच आणि स्लॅक यांनी संपूर्ण मार्ग मांडला. साखर धंद्याने पाळलेल्या प्रयोगशाळांनी वनस्पतिशास्त्राला दिलेली ही देणगी आहे, आणि तिचा उल्लेख आपल्याकडे फार कमी होतो.

पानात तयार झालेला कार्बन दोन वाटांनी जातो. काही भाग हरितलवकातच पिष्टाच्या कणांच्या रूपाने दिवसापुरता थांबतो आणि रात्री मोडून वापरला जातो. बाकीच्यापासून सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, बनते आणि रसवाहिन्यांतून खोडाकडे निघते. इथे ग्लुकोज का चालत नाही? ग्लुकोजच्या रेणूचं एक टोक मोकळं असतं आणि ते प्रथिनांना चिकटतं. मधुमेहींच्या एचबीए१सी चाचणीत हिमोग्लोबिनला चिकटलेलं ग्लुकोजच मोजतात. सुक्रोजमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची ही क्रियाशील टोकं एकमेकांत अडकवलेली असतात. म्हणून ते दाट झालं, लांब गेलं, महिनोन्‌महिने पडून राहिलं तरी आसपासच्या कशाला धक्का लावत नाही. प्रवासाला आणि साठवणीला इतकं निरुपद्रवी दुसरं फारसं काही वनस्पतीजवळ नाही.

खरी अडचण खोडात पोचल्यावर येते. साखर पाण्यात विरघळते, आणि विरघळलेली साखर पाणी ओढते. पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे रसाच्या पिशवीत, वीस टक्के साखर भरली तर तिचा परासरण दाब १५ वातावरणांच्याही वर जातो. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या सहा-सात पट. एवढा दाब पेशीच्या भिंतीने एकटीने पेलायचा म्हणजे भिंत जाड करत बसावी लागेल. म्हणून बहुतेक वनस्पती हा धोका पत्करत नाहीत. बटाटा, रताळं, सुरण आणि सगळी तृणधान्यं साखरेचे हजारो रेणू एकाला एक जोडून पिष्ट बनवतात. पिष्टाचा कण पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे कितीही भरला तरी दाब वाढत नाही. शेंगदाणा, तीळ, करडई यांनी तेल निवडलं, कारण एका ग्रॅम तेलात नऊ किलोकॅलरी मावतात आणि एका ग्रॅम साखरेत किंवा पिष्टात चारच. बी लहान आणि हलकं ठेवून कोंबाला भरपूर शिदोरी द्यायची तर तेल सोयीचं. पण तेल बनवायलाही खर्च जास्त आणि उगवताना त्याची पुन्हा साखर करायलाही.

ऊस मात्र विरघळलेली साखर तशीच ठेवतो. हे त्याला जमतं कारण तो साखर पेशीच्या आत तर भरतोच, शिवाय पेशींच्या बाहेर, भिंतींमधल्या जागेतही तितकीच दाट ठेवतो. आत-बाहेर दोन्हीकडे ओढ सारखी झाली की भिंतीवरचा ताण उतरतो. मग बाहेरची ही साखर जलवाहिन्यांत गळून पाण्याबरोबर वाहून का जात नाही? कारण वाहिन्यांच्या प्रत्येक जुडग्याभोवती लिग्निनने कडक झालेल्या पेशींचं कडं असतं आणि ते पाझर अडवतं. उसाच्या आडव्या कापात जे ठिपके दिसतात ती ही जुडगी. दात लावल्यावर ज्या धाग्यांचा त्रास होतो, त्यांच्यावाचून गोडी टिकलीच नसती.

आता शेंड्याचा पाणचटपणा. उसाचं प्रत्येक कांडं वेगळ्या काळात तयार झालेलं असतं. बुडख्याचं सगळ्यांत जुनं, शेंड्याचं अजून लांबत असलेलं. लांबणाऱ्या कांड्यात इन्व्हर्टेज नावाचं विकर जोरात असतं. पानाकडून आलेलं सुक्रोज ते लगेच ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये तोडतं, कारण नवी भिंत, नवी प्रथिनं आणि श्वसन यांसाठी साधी साखरच हाताशी लागते. कांडं पूर्ण लांबलं की इन्व्हर्टेज उतरतं आणि तिथे सुक्रोज जमू लागतं. कांड्याला जोडलेलं पान वाळून पाचट होईपर्यंत त्याची भरणी बरीचशी झालेली असते. पण भरलेलं कांडंही निवांत नसतं. एकाच पेशीत सुक्रोज तुटत असतं आणि पुन्हा जोडलं जात असतं, आणि या उलाढालीत एटीपी खर्ची पडत असतं. साठा म्हणजे जोडणं आणि तोडणं यांतला फरक, इतकाच. ही गोष्ट एकदा नीट समजली की उसाच्या शेतीतले आणि कारखान्यातले बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

एक हिशेब इथे मांडतो. एकरी ४० टन ऊस आणि ११ टक्के उतारा (उसाच्या वजनामागे मिळणारी साखर) धरला तर ४.४ टन साखर हाती येते. तिच्यातली ऊर्जा सुमारे ७२ हजार मेगाज्यूल, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत २० हजार युनिट. त्याच उसात सुमारे १४ टक्के तंतू असतो, म्हणजे साडेपाच टनांहून थोडा जास्त कोरडा चोथा, आणि त्यातली ऊर्जा भरते एक लाख मेगाज्यूलच्या आसपास. पाचट आणि वाढे यात धरलेले नाहीत. म्हणजे उसाने पकडलेल्या उन्हातला मोठा वाटा साखरेत नसून भिंतींमध्ये जातो. तंतूतलं सेल्युलोजही ग्लुकोजचंच बनलेलं आहे. फक्त जोड वेगळ्या दिशेने बसवलेला असल्यामुळे ऊस ते ग्लुकोज पुन्हा कामाला घेत नाही. भिंतीत घातलेली ऊर्जा झाडाच्या दृष्टीने कायमची खर्च झाली. कारखाने ती बगॅसच्या, म्हणजे चोथ्याच्या, रूपाने बॉयलरमध्ये जाळतात, गाळप त्यावरच चालवतात आणि कित्येक जण उरलेली वीज विकतात.

म्हणून उसाच्या बाबतीत वाढ आणि साखर यांचं भांडण आहे. पानाकडून येणारा कार्बन एक तर भिंतीत जाईल किंवा रिक्तिकेत. पाणी, नत्र आणि ऊब भरपूर असेल तोवर ऊस लांबत राहतो आणि आलेली साखर खात राहतो. सुदैवाने वाढ ही प्रकाशसंश्लेषणापेक्षा नाजूक गोष्ट आहे. रात्री थंड झाल्या किंवा जमिनीत ओल थोडी कमी झाली की आधी पेशींचं लांबणं मंदावतं. पान मात्र दिवसा ऊन असेल तर काम करत राहतं. या दोन वेगांतल्या फरकातून साखर साचते. डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रात कोरडी हवा, लख्ख ऊन आणि गार रात्री मिळतात, आणि उतारा त्या काळात चढतो तो यामुळेच. ढगाळ, दमट डिसेंबर गेला की उतारा खाली येतो. त्यात कारखान्याचा दोष शोधण्यात अर्थ नसतो.

शेतकऱ्याच्या हातात दोन दोऱ्या आहेत, पाणी आणि नत्र. तोडणीआधी १५ ते २० दिवस पाणी तोडायचं, भारी काळ्या जमिनीत थोडं अधिक. ताण असा हवा की वाढ थांबावी पण पानं हिरवी राहावीत. हलक्या मुरमाड जमिनीत महिनाभर पाणी तोडलं तर पानंही करपतात, भरणी थांबते आणि वजन घटतं. नत्राचं वेळापत्रक याहून जास्त बिघडवलं जातं. सुरू, म्हणजे हिवाळ्यात लावलेल्या, उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे आणि ते चार हप्त्यांत द्यायचं: लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला (बुडख्याला माती चढवताना) उरलेले ४०. त्यानंतर युरिया नाही. पावसाळ्यात पिवळट दिसतो म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात टाकलेलं पोतं ऊस हिरवागार करतं, नवी फूट काढतं आणि नेमक्या भरणीच्या काळात साखर त्या फुटीत घालवतं. रसात नत्राची संयुगंही वाढतात. गूळ काळा पडतो आणि नीट बसत नाही.

पडलेल्या उसाचं नुकसान वजनापुरतं धरलं जातं, ते चूक आहे. आडवा झालेला ऊस शेंडा पुन्हा वर वळवतो, जमिनीला टेकलेल्या डोळ्यांना फूट येते, आणि हे सगळं जुन्या कांड्यांतल्या साखरेवर चालतं. तुऱ्याचंही तसंच. तुरा बाहेर पडला की शेंड्याची वाढ संपते, त्यामुळे सुरुवातीला साखर उलट वाढते. ही सूट दीड-दोन महिन्यांची. पुढे ऊस मधून पोकळ पडू लागतो, बाजूचे डोळे फुटून पांगशा येतात आणि उतारा घसरतो. तुरा दिसला म्हणून घाबरून तोडण्याचं कारण नाही. तुरा दिसूनही फड तीन महिने उभा राहिला तर मात्र साखर गेली.

फड पक्व झाला का हे हाताच्या रिफ्रॅक्टोमीटरने तपासता येतं, आणि ते निष्काळजीपणे केलं तर आकडा खोटा येतो. बांधाकडच्या ओळी सोडून फडात आतल्या दहा-पंधरा ठिकाणचे ऊस निवडावेत. प्रत्येक उसाचा बुडख्याकडचा आणि शेंड्याकडचा, म्हणजे शेवटच्या पक्व कांड्याचा, रस वेगवेगळा घ्यावा. काचेवर दोन थेंब, झाकण, उजेडाकडे धरून वाचन. दर वेळी काच स्वच्छ पाण्याने धुऊन पुसायची, आणि उपकरणात तापमानाची दुरुस्ती नसेल तर तक्त्यावरून ती करायची. उपकरणावर वाचलेला आकडा म्हणजे ब्रिक्स. शेंड्याच्या ब्रिक्सला बुडख्याच्या ब्रिक्सने भागावं. बुडख्याला २० आणि शेंड्याला १२ आले तर गुणोत्तर ०.६, ऊस कच्चा आहे. ते एकाच्या जवळ आलं आणि सरासरी ब्रिक्स १८ च्या वर असला तर तोडावा. एकाच्या पुढे गेलं तर बुडख्याची साखर ओसरायला लागली असं समजावं. ब्रिक्स हा रसातल्या सगळ्या विरघळलेल्या पदार्थांचा आकडा असतो; क्षार आणि ग्लुकोजही त्यात येतात. पाण्याअभावी सुकलेल्या उसाचा ब्रिक्स नुसतं पाणी उडाल्यानेही चढतो. म्हणून कारखान्यात ध्रुवणमापीने पोल, म्हणजे रसातल्या सुक्रोजचं प्रमाण, काढतात आणि पोल भागिले ब्रिक्स अशी शुद्धता पाहतात; ती ८५ टक्क्यांच्या पुढे गेली की ऊस गाळपाला योग्य.

कोयता बसला की हिशेब उलटा सुरू होतो. पानाकडून येणारं थांबलं, पण पेशी जिवंत आहेत. त्या श्वसन करतात, साखर जाळतात आणि तापत्या मोळीत जास्त वेगाने जाळतात. थोपवून धरलेलं इन्व्हर्टेज पुन्हा वाढतं आणि सुक्रोज तुटायला लागतं. कापलेल्या टोकांतून ल्युकोनॉस्टॉक नावाचे जिवाणू शिरतात. ते साखरेपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ बनवतात. डेक्स्ट्रानने रस घट्ट होतो, गाळणी तुंबते, साखरेचे दाणे लांबोडके होतात आणि वर पोलचं वाचनही फसवं, जास्त येतं. पेटवून तोडलेल्या उसात हे सगळं आणखी वेगाने घडतं, कारण उष्णतेने सालीला तडे जातात. तोडलेला ऊस २४ तासांत गाळावा हा नियम यातून आला आहे. उन्हाळ्यात, मार्च-एप्रिलमध्ये, तो पाळणं सर्वांत गरजेचं असतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत कारखान्याच्या गव्हाणीपुढे गाड्या ताटकळतात.

जमिनीलगत तोडा, असं प्रत्येक कारखाना सांगतो. बुडख्याला दोन-तीन इंच सोडले तर सर्वांत गोड भाग रानात राहतो आणि खोडव्याची, म्हणजे त्याच बुडख्यांतून येणाऱ्या पुढच्या पिकाची, फूटही वरच्या, कमकुवत डोळ्यांतून येते. सल्ला बरोबर आहे. पण तो सांगताना हेही लक्षात असावं की ते दोन इंच वाचवायला बीड-मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड मजुराला दिवसभर कमरेतून पूर्ण वाकून राहावं लागतं, आणि मजुरी टनावर मिळते. त्या शेवटच्या दोन इंचांच्या साखरेचा वेगळा मोबदला मिळाला तर सल्ला आपोआप पाळला जाईल असं मला वाटतं.

गाळपानंतरही सुक्रोज सुरक्षित नसतं. उसाचा ताजा रस आम्लधर्मी असतो, सामू ५ ते ५.५. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की विकराशिवायही सुक्रोज तुटतं. म्हणून कारखान्यात आधी पाण्यात कालवलेला चुना घालून सामू सातच्या आसपास आणतात, मगच रस जोरात तापवतात, आणि दाणे पाडताना निर्वात कढईत कमी तापमानाला आटवतात. तुटलेल्या सुक्रोजचे दाणे पडत नाहीत. ते मळीत जातं आणि जवळच्या बऱ्याच चांगल्या सुक्रोजलाही बरोबर नेतं. गुऱ्हाळात हेच उघड्या काहिलीत, जास्त तापमानाला करायचं असतं, त्यामुळे तिथे उसाची निवड आणखी महत्त्वाची. भेंडीच्या चिकाने रसातला मळ वर आणून काढायचा, चुना बेताने, आणि ११८ अंशांच्या आसपास काहील उतरवायची. काकवी हवी असेल तर १०५-१०६ लाच थांबायचं. चुना जास्त झाला तर ग्लुकोज-फ्रुक्टोज करपून गूळ काळवंडतो. ऊस शिळा किंवा कच्चा असेल तर रसात ही साधी साखर आधीच जास्त असते. गूळ बसला तरी पावसाळ्यात पाघळतो, कारण फ्रुक्टोज हवेतली ओल ओढतं. पाघळलेल्या ढेपेत भेसळ शोधण्याआधी ऊस तोडून किती दिवसांनी गाळला हे विचारावं.

इतकी साखर साठवायची उसाची स्वतःची गरज कधीच नव्हती. त्याचा रानटी भाऊबंद, नदीकाठी वाढणारं काशाचं गवत, बारीक, कडक आणि जवळजवळ अगोड असतं. न्यू गिनीतल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चघळायला गोड ऊस निवडत जाडजूड, रसाळ जात तयार केली, पण ती रोगाला बळी पडे. कोइम्बतूरच्या ऊस पैदास केंद्रात, १९१२ साली ते सुरू झाल्यावर, बार्बर आणि वेंकटरामन यांनी या गोड उसाचा काशाच्या गवताशी संकर केला आणि को २०५ ही जात १९१८ मध्ये बाहेर आली. आपल्या रानात उभा असलेला को ८६०३२ हा त्याच कोइम्बतूरच्या पैदाशीतला. त्याच्या अंगात गोडी एका घराण्याची आहे आणि काटकपणा दुसऱ्या.

मग झाडाला साठा कशासाठी हवा असतो, ते बेण्यात दिसतं. उसाच्या प्रत्येक पेऱ्यावर एक डोळा असतो, आणि त्याला स्वतःची मुळं व पानं येईपर्यंत जगायला कांड्यातली साखर लागते. शेंडा जिवंत असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. टिपरी, म्हणजे बेण्याचा तुकडा, तोडली की हे दडपण जातं, डोळ्याशेजारी इन्व्हर्टेज जागं होतं आणि सुक्रोज तुटून कोंबाकडे जातं. म्हणून बेण्याचा ऊस गाळपाच्या उसासारखा पूर्ण पक्व नको. ९ ते ११ महिन्यांचा, भरपूर पाणी आणि नत्र मिळालेला हवा. त्यात साधी साखर आणि ओलावा जास्त असतो आणि डोळे लवकर फुटतात. गाळपाच्या उसातून बेणं काढण्याची वेळच आली तर बुडख्याचा अर्धा भाग कारखान्याला पाठवावा आणि शेंड्याकडचा अर्धा लावावा. तोडल्यापासून लागणीपर्यंत एक दिवसाच्या वर जाऊ देऊ नये, आणि पाचट हाताने काढावं. कोयत्याने सोलताना डोळ्याला धक्का लागला तर कांड्यात कितीही साखर असली तरी ती टिपरी उगवत नाही.